सेंच्युरियन: जागा राखून बांधलेला रणगाडा

[दृश्य: लांबलचक लष्करी ट्रेलर. त्यावर हळूहळू चढणारा रणगाडा. ट्रॅकचा खडखडाट.]

ऑक्टोबर 1943. ब्रिटनमध्ये रणगाड्यांचे आराखडे करणाऱ्या सरकारी खात्याकडे एक नवं काम आलं. जर्मनांच्या 88 मिलिमीटर तोफेचा मारा सोसेल, सुरुंगावर गेला तरी आतली माणसं वाचतील आणि ज्याच्यावर मोठी तोफ बसेल असा रणगाडा त्यांना हवा होता. कागदोपत्री त्याचं नाव ए-41, पुढे तोच सेंच्युरियन म्हणून ओळखला गेला. वजनाची मर्यादा 40 टन.

हा 40 टनांचा आकडा ठरवला होता ट्रेलरने. सैन्याकडे रणगाडे वाहून नेणारे जे ट्रेलर होते, त्यांना त्याहून जास्त भार झेपत नव्हता. आराखडा पुढे सरकला तसं लक्षात आलं की मागितलेलं चिलखत आणि मागितलेली तोफ 40 टनांत बसणं शक्य नाही. काहीतरी कापावं लागणार होतं.

त्या वेळी युद्ध मंत्रालयाने ठरवलं, रणगाडा कापायचा नाही, ट्रेलर नवे बांधायचे.

युद्ध चालू आहे, पोलाद मोजून मिळतंय, कारखान्यांवर आधीच ताण आहे, आणि तरीही कुणीतरी हा निर्णय घेतला. सेंच्युरियनची पुढची सगळी कहाणी मला या एका निर्णयातून निघालेली दिसते.

[दृश्य: उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटातली जुनी चित्रं.]

त्याआधीची ब्रिटिश रणगाड्यांची अवस्था फार चांगली नव्हती. तिथे दोन वेगळ्या जाती मानल्या जात. क्रूझर वेगाने पळायचे, पण त्यांचं चिलखत पातळ. इन्फन्ट्री टँक पायदळाबरोबर चालायचे, चिलखताने जाड आणि चालीने मंद. वाळवंटात जर्मन तोफांसमोर दोन्ही जाती कमी पडल्या, आणि त्याची किंमत आत बसलेल्या पोरांनी मोजली. क्रुसेडरसारख्या रणगाड्यात चार-पाच माणसं कोंबलेली असत, आणि मोठी तोफ बसवायची म्हटलं की आतल्या एका माणसाची जागा जायची.

ए-41 मध्ये या दोन्ही जातींचं काम एकाच यंत्राकडून करून घ्यायचं होतं. पुढची पोलादी भिंत तिरपी ठेवली. गोळा तिरप्या भिंतीवर आदळला की त्याला जास्त पोलाद भेदावं लागतं, किंवा तो घसरून निघून जातो. तळ होडीसारखा, बाजूंनी वर वळलेला ठेवला, म्हणजे सुरुंगाचा दाब बाहेरच्या बाजूला फेकला जाईल. सस्पेन्शनही बदललं. आधीच्या ब्रिटिश क्रूझरमध्ये अमेरिकी संशोधक ख्रिस्टी यांच्या पद्धतीच्या उभ्या स्प्रिंगा असत आणि त्या रणगाड्याच्या बाजूच्या भिंतींमध्ये जागा खात. नव्या रणगाड्यात हॉर्स्टमन पद्धतीचं सस्पेन्शन आलं. चाकांच्या जोड्या आणि त्यांच्या स्प्रिंगा आडव्या, सगळ्या बाहेर बोल्टने बसवलेल्या. सुरुंगाने एखादी जोडी उडाली तर ती काढून दुसरी लावायची, आणि आतली रुंदी पूर्ण मोकळी.

इंजिन होतं रोल्स-रॉइसचं मिटिअर. स्पिटफायर विमानातलं मर्लिन इंजिन घ्या, त्याचा सुपरचार्जर काढा, जमिनीवर चालण्यासाठी ते जुळवून घ्या, की झालं मिटिअर. 12 सिलिंडर, 27 लिटर, सुमारे 650 अश्वशक्ती. आवाज ऐकत राहावा असा, आणि पेट्रोलची भूक अफाट. 50 टनांवर गेलेल्या रणगाड्याला ही ताकद जेमतेम पुरायची. ताशी 35 किलोमीटर म्हणजे त्याची धाव संपली. सुरुवातीच्या मॉडेलांना टाकीतल्या पेट्रोलवर रस्त्याने जेमतेम 100 किलोमीटर जाता यायचं. पुढे ब्रिटिशांनी मागे एकचाकी पेट्रोलची गाडी जोडून पाहिली. हा दोष सेंच्युरियनच्या अंगाला बरीच वर्षं चिकटून राहिला.

[दृश्य: 1945. ढिगारे, रिकामे रस्ते.]

पहिले सहा नमुने युरोपात पोहोचले तेव्हा मे 1945 उजाडला होता आणि तिथलं युद्ध संपलं होतं. ज्या रणगाड्यांशी लढायला तो घडवला होता ते आता भंगारात उभे होते.

मार्क 1 वर, म्हणजे पहिल्या रूपावर, 17 पौंडर तोफ होती, म्हणजे 76 मिलिमीटरची. मार्क 2 ला ओतीव पोलादाचं नवं टरेट, म्हणजे तोफेचा फिरता मनोरा, मिळालं. खरी झेप मार्क 3 ची. त्यावर 20 पौंडर, म्हणजे 84 मिलिमीटरची तोफ आली आणि तिच्याबरोबर स्टॅबिलायझर आला. रणगाडा खाचखळग्यांतून चालताना तोफेचं तोंड वरखाली नाचतं. स्टॅबिलायझरमधले जायरोस्कोप ती हालचाल ओळखतात आणि मोटर तोफेला उलट दिशेने ढकलून निशाण्यावर धरून ठेवतात. त्या काळात चालत्या रणगाड्यातून नेम धरता येणं ही फार मोठी गोष्ट होती.

आणखी एक सुधारणा वाचताना किरकोळ वाटेल. आत पाणी उकळायचं विजेवरचं भांडं बसवलं. चहासाठी, डबाबंद जेवण गरम करण्यासाठी. आधीच्या युद्धात बरेच रणगाडा सैनिक गाडीबाहेर असताना मारले गेले होते. चूल पेटवायला उतरावं लागलं नाही तर माणसं चिलखताच्या आत राहतात. ज्याने हे सुचवलं त्याने रणगाड्यात राहणाऱ्या माणसाचा अख्खा दिवस डोळ्यांसमोर आणला असणार.

[दृश्य: कोरिया. बर्फ, डोंगर, नदीचं पात्र.]

नोव्हेंबर 1950 मध्ये ब्रिटिशांची 8 वी हुसार्स रेजिमेंट मार्क 3 घेऊन कोरियात उतरली. पहिली झुंज थंडीशी झाली. ट्रॅक जमिनीला गोठून चिकटायचे, म्हणून रणगाडे गवताच्या पेंढ्यांवर उभे करावे लागत. दर अर्ध्या तासाने इंजिन चालू करायचं आणि एकेक गिअर टाकून पाहायचा, नाहीतर तो जागीच गोठायचा. सेंच्युरियनने लढाईत टिपलेला पहिला रणगाडा ब्रिटिश बनावटीचाच होता. चिनी सैन्याने ताब्यात घेतलेला तो क्रॉमवेल होता.

एप्रिल 1951 मध्ये इमजिन नदीच्या लढाईत चिनी सैनिक थेट रणगाड्यांवर चढले. तेव्हा एका सेंच्युरियनने दुसऱ्यावर मशीनगन चालवून चढलेले सैनिक पाडले. आतली माणसं पोलादावर आपटणाऱ्या आपल्याच गोळ्यांचा आवाज ऐकत बसली होती. त्या माघारीत सेंच्युरियनने पायदळाला सावरून धरलं. डोंगरउतारावर, जिथे रणगाडा जाणार नाही असं वाटायचं, तिथे तो चढला.

[दृश्य: ऑस्ट्रेलियाचं ओसाड माळरान. दूरवर मनोरा.]

15 ऑक्टोबर 1953. दक्षिण ऑस्ट्रेलियातलं एमू फील्ड. ब्रिटिश अणुचाचणी टोटेम-1. स्फोटाच्या जागेपासून अर्ध्या किलोमीटरहूनही कमी अंतरावर एक सेंच्युरियन उभा केला होता. क्रमांक 169041. आत माणसं नाहीत, पण दारूगोळा भरलेला आणि इंजिन चालू.

नऊ-दहा किलोटनांचा स्फोट झाला. नंतर जाऊन पाहिलं तर तो दीडेक मीटर बाजूला सरकला होता. बाजूचे पत्रे उडाले होते, एरियल गायब, काचा वाळूने घासून आंधळ्या झालेल्या. इंजिन बंद पडलं होतं, पण पेट्रोल संपल्यामुळे. थोडी डागडुजी केली आणि तो स्वतःच्या चाकांवर तिथून निघाला. आत माणसं असती तर धक्क्याच्या लाटेने ती वाचली नसती, हेही त्या चाचणीतून कळलं. पुढे हाच रणगाडा ऑस्ट्रेलियाने व्हिएतनामला नेला. मे 1969 मध्ये त्याला रॉकेट लागलं, आतले सैनिक जखमी झाले आणि रणगाडा लढत राहिला.

[दृश्य: बुडापेस्ट, 1956.]

आता तोफेची गोष्ट. 1956 मध्ये हंगेरीत उठाव झाला, सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये घुसले. उठाव करणाऱ्यांनी एक टी-54 पकडला आणि थेट ब्रिटिश वकिलातीच्या आवारात आणून उभा केला. तिथल्या अधिकाऱ्यांनी त्याचं चिलखत बारकाईने पाहून घेतलं. या चिलखतापुढे 20 पौंडर पुरणार नाही, हा त्यातून निघालेला निष्कर्ष.

उत्तर म्हणून आली 105 मिलिमीटरची एल-7. तिच्या रचनेतलं शहाणपण असं की 20 पौंडरच्या जागी, त्याच टरेटमध्ये, त्याच बैठकीवर ती बसायची. नवं टरेट नको, नवा रणगाडा नको. 1943 मध्ये आत ठेवलेली मोकळी जागा इथे कामी आली. ही तोफ इतकी सरस निघाली की जर्मनीच्या लेपर्ड-1 ने, अमेरिकेच्या एम-60 ने आणि पहिल्या एम-1 अब्राम्सनेही तीच किंवा तिच्यावरून बनवलेली तोफ घेतली. चेन्नईजवळच्या अवाडी इथे बनलेल्या आपल्या विजयंत रणगाड्यावरही हीच तोफ होती.

सेंच्युरियनचे एकूण 13 मार्क झाले. त्यांच्या नावांमध्ये लोक गोंधळतात, पण गोम सोपी आहे. मार्क 5 ला जाड चिलखत लावलं की तो झाला 5/1. मूळ मार्क 5 ला 105 ची तोफ दिली की 5/2. म्हणजे नाव वाचून कळतं की जुन्या गाडीवर काय काम झालंय. शेवटच्या मार्कांवर तोफेशेजारी 12.7 मिलिमीटरची एक रेंजिंग गन होती. लक्ष्य किती लांब आहे याचा अंदाज घ्यायला आधी तिच्या चमकत्या गोळ्या सोडायच्या. त्या जिथे आदळताना दिसतील त्यावरून मोठ्या तोफेचा नेम ठरवायचा. लेझर यायच्या आधीची ही युक्ती, साधी आणि भरवशाची.

[दृश्य: पंजाबातली उसाची शेतं. सप्टेंबरचं ऊन.]

सप्टेंबर 1965. भारतीय सेनेच्या काही रेजिमेंटांकडे 20 पौंडर तोफेचे मार्क 7 सेंच्युरियन होते. समोर पाकिस्तानचे अमेरिकी पॅटन रणगाडे. वयाने नवे, वेगाने सरस, आणि त्यांच्यात अंतर मोजण्याचं प्रगत यंत्र.

8 ते 10 सप्टेंबरला खेमकरणजवळ असल उत्तरला लढाई झाली. भारतीयांनी घोड्याच्या नालेसारखी मोर्चेबांधणी केली होती आणि शेतांमध्ये पाणी सोडलं होतं. उंच उसातून, चिखलातून पॅटन आत आले. 3 कॅव्हलरीचे सेंच्युरियन दबा धरून बसले होते. या लढाईचं श्रेय एकट्या रणगाड्याला देता येणार नाही. जीपवरच्या रिकॉइललेस तोफा होत्या, तोफखाना होता, आणि अब्दुल हमीद यांच्यासारखी माणसं होती. पण रणगाड्यांपुरतं बोलायचं तर पॅटनचं ते यंत्र नीट वापरायला बराच सराव लागायचा, आणि सेंच्युरियनच्या गनरला साध्या दुर्बिणीतून पटकन नेम धरता यायचा. उसाच्या शेतात शत्रू दिसतो तो क्षणभर, तोही जवळून. तिथे साधेपणा कामाला आला, असं मला वाटतं.

त्याच दिवसांत सियालकोट आघाडीवर पूना हॉर्स लढत होती. 1817 मध्ये पेशव्यांबरोबर झालेल्या तहातून उभी राहिलेली ही जुनी घोडदळाची पलटण. घोडे गेले, रणगाडे आले, नाव तेच राहिलं. तिचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर पुण्यात शिकलेले. 11 सप्टेंबरला फिलोऱ्याच्या लढाईत ते जखमी झाले. मागे जायला त्यांनी नकार दिला आणि पुढचे पाच दिवस ते आपल्या सेंच्युरियनमधून पलटणीच्या पुढे राहिले. 16 सप्टेंबरला बुतुर डोगरांडी इथे त्यांच्या रणगाड्यावर मारा झाला आणि ते धारातीर्थी पडले. त्यांना परमवीर चक्र मिळालं.

सहा वर्षांनी, 16 डिसेंबर 1971 ला, त्याच पलटणीच्या सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांनी बसंतर नदीपलीकडे जरपालजवळ लढाई केली. त्यांचा जन्म पुण्याचा, वय 21, सैन्यात अधिकारी होऊन अवघे सहा महिने झालेले. त्यांच्या सेंच्युरियनचं नाव फामागुस्टा. समोरून पॅटन येत होते. फामागुस्टाला आग लागली, बाहेर पडायचा आदेश आला. तोफ अजून चालते आहे असं कळवून खेत्रपाल आतच राहिले आणि लढता लढता गेले. त्याच दिवशी ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. फामागुस्टा दुरुस्त करून जपून ठेवला आहे. तो अहिल्यानगरला, म्हणजे जुन्या अहमदनगरला, आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये आहे.

[दृश्य: गोलान टेकड्या. काळा दगड, उतार.]

इस्रायलमध्ये सेंच्युरियनची सुरुवात बदनामीने झाली. 105 ची तोफ बसवलेले सेंच्युरियन तिथे होते, पण नोव्हेंबर 1964 मध्ये सीरियाच्या सीमेवरच्या चकमकीत बरेच गोळे झाडूनही हाती फारसं काही लागलं नाही. रणगाडाच वाईट, असं सैनिक म्हणू लागले. तेव्हा चिलखती दलाची सूत्रं इस्राएल ताल यांच्याकडे आली. दोष रणगाड्यात नाही, देखभालीत आणि सरावात आहे, हे त्यांनी ओळखलं. दर गोष्ट नियमाने करायची, तोफेचा नेम नियमित तपासायचा, लांबच्या लक्ष्यावर सतत सराव करायचा, अशी शिस्त त्यांनी लावली. रणगाडा होता तोच राहिला.

मग त्यांनी सेंच्युरियनच्या जुन्या दुखण्याला हात घातला. मिटिअर पेट्रोल इंजिन काढलं आणि अमेरिकी कॉन्टिनेन्टल कंपनीचं 750 अश्वशक्तीचं, हवेने थंड होणारं डिझेल इंजिन बसवलं, जोडीला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. त्यासाठी मागचा भाग वाढवावा लागला. पण एका टाकीत गाठायचं अंतर जवळपास दुप्पट झालं आणि पेट्रोलच्या आगीची भीती कमी झाली. या रूपाचं नाव शोत काल. शोत म्हणजे चाबूक, आणि काल हे कॉन्टिनेन्टलचं छोटं रूप.

ऑक्टोबर 1973. योम किप्पूरच्या युद्धात सीरियाचे टी-55 आणि टी-62 शेकड्यांनी गोलानवर चालून आले. 7 व्या ब्रिगेडचे शोत काल उतारावरच्या चौथऱ्यांमागे उभे होते. इथे सेंच्युरियनचा एक गुण फार उपयोगी पडला. त्याची तोफ 10 अंश खाली झुकते. टेकडीच्या माथ्यामागे अख्खं धड लपवायचं, फक्त टरेट वर काढायचं आणि खाली दरीत मारा करायचा. सोव्हिएत रणगाड्यांची टरेटं बुटकी, त्यामुळे आत तोफेचा मागचा भाग वर उचलायला जागा नसते आणि तिचं तोंड फारसं खाली येत नाही. त्यांना नेम धरायला माथ्यावर पूर्ण अंग उघडं करावं लागे. चार दिवसांच्या त्या लढाईनंतर खालच्या दरीला अश्रूंची दरी हे नाव पडलं. इस्रायली ब्रिगेडचेही शेवटी मोजके रणगाडे उरले होते.

[दृश्य: झपाट्याने बदलणारी चित्रं: बर्फाळ जंगल, आफ्रिकेतलं झुडपी रान.]

स्वीडनने आपल्या सेंच्युरियनना स्ट्रिड्सवाग्न 81, 101, 102, 104 अशी नावं दिली. पहिले आकडे तोफेच्या नळीचा आतला व्यास सेंटिमीटरमध्ये सांगतात, शेवटचा आकडा अनुक्रम. 104 मध्ये त्यांनीही डिझेल घातलं. जॉर्डनने डिझेल आणि नवं सस्पेन्शन देऊन तारिक तयार केला. ऑस्ट्रियाने काही टरेटं काढून सीमेवरच्या काँक्रिटच्या बंकरांवर बसवली.

दक्षिण आफ्रिकेचा प्रवास मात्र सगळ्यांत लांबचा. 1977 च्या संयुक्त राष्ट्रांच्या शस्त्रबंदीनंतर तिला बाहेरून रणगाडे मिळणं बंद झालं, तेव्हा तिने जुन्या सेंच्युरियनचा ऑलिफंट केला. आफ्रिकान्समध्ये ऑलिफंट म्हणजे हत्ती. डिझेल इंजिन, 105 ची तोफ, आणि पुढच्या रूपात सस्पेन्शनसुद्धा पूर्ण बदलून टॉर्शन बारचं, म्हणजे पिळल्या जाणाऱ्या पोलादी दांड्यांचं, केलं. 1987 मध्ये अंगोलात ऑलिफंट सोव्हिएत बनावटीच्या टी-55 शी लढले. वर्णभेदी राजवटीने लादलेलं ते युद्ध होतं, आणि ते विसरून या रणगाड्याची तारीफ करणं मला जमणार नाही.

[दृश्य: टरेट नसलेला रणगाडा, समुद्राच्या लाटांत शिरताना.]

राहिली ती तोफेविना जगलेली भावंडं. अडकलेल्या रणगाड्यांना ओढून काढणारी रिकव्हरी गाडी. पाठीवरून पूल उचलून खंदकावर टाकणारी गाडी. इंजिनिअरांची एव्हीआरई, जिच्यावर भिंती आणि अडथळे फोडायला 165 मिलिमीटरची आखूड तोफ होती. ती 1991 मध्ये आखाती युद्धातही गेली होती. इस्रायलने टरेट काढून जाड चिलखताची सैनिकवाहनं केली, त्यांतलं नागमाचोन शहरी लढाईत वापरलं. त्यांची पुमा ही इंजिनिअरांची गाडी 2006 च्या लेबनॉन युद्धात होती. तिचं धड पन्नास-साठच्या दशकातलं.

आणि ब्रिटनची बीएआरव्ही, समुद्रकिनाऱ्यावर काम करणारी. टरेटच्या जागी उंच, होडीच्या नाळेसारखा पत्र्याचा डोलारा. माणसाच्या डोक्यावरून जाईल इतक्या पाण्यात ती शिरायची, किनाऱ्यावर रुतलेली वाहनं ओढून काढायची, वाळूत टेकलेल्या होड्या पुन्हा पाण्यात ढकलायची. तिच्या चौघांपैकी एक प्रशिक्षित पाणबुड्या असायचा. बुडालेल्या ट्रकला दोर बांधायला तो पाण्याखाली उतरायचा. 1982 मध्ये फॉकलंड बेटांच्या मोहिमेवर ब्रिटिश जहाजांनी आपल्याबरोबर बीएआरव्ही नेल्या. त्यांच्या पोटात अजून मिटिअरच होतं, स्पिटफायरच्या इंजिनाचं धाकटं भावंड.